पाणवनस्पती आणि प्रकाशाची तीव्रता: बुडबुडे मोजून प्रकाशसंश्लेषणाचा दर कसा काढायचा

हायड्रिला या पाणवनस्पतीची ताजी फांदी पाण्यात उलटी सोडली आणि तिच्यावर दिवा धरला, की थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून बुडबुडे निघू लागतात. दिवा जवळ आणला की ते भराभर येतात, लांब नेला की मंदावतात. एवढं पाहायला फार वेळ लागत नाही, आणि बऱ्याच प्रयोगवह्यांत गोष्ट इथेच संपते: ‘प्रकाश वाढला, दर वाढला.’ हे अर्धंच खरं आहे. एका मर्यादेपुढे प्रकाश कितीही वाढवला तरी बुडबुडे वाढत नाहीत. आलेखाची रेघ जिथे वाकते ती जागा शोधणं हाच या प्रयोगातला रस आहे. ती जागा हाती लागायची तर मांडणी काटेकोर हवी. म्हणून या लेखात मांडणीवर आणि त्या वाकणावर जास्त वेळ घालवू, बाकीचं भरभर आटपू.

बुडबुडे कुठून येतात

हरितलवकांवर, म्हणजे पेशींतल्या हिरव्या कणांवर, प्रकाश पडला की पाण्याच्या रेणूचं विघटन होतं आणि ऑक्सिजन सुटा होतो. हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नाही, पाण्यातून येतो. १९४१ मध्ये सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचं जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा प्रकार) वापरून हे दाखवलं. प्रकाशातून मिळालेली ऊर्जा पुढे कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवायला वापरली जाते. म्हणजे काम दोन टप्प्यांत चालतं: पहिला टप्पा प्रकाशावर अवलंबून, दुसरा विकरांवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांवर (एन्झाइम). हे दोन टप्पे लक्षात ठेवा, आलेख वाचताना लागतील.

जमिनीवरच्या झाडाच्या पानातून ऑक्सिजन गुपचूप हवेत मिसळतो, दिसत नाही. पाण्यात बुडालेल्या वनस्पतीच्या खोडात मात्र हवेच्या लांबलचक पोकळ्या असतात. पानांत तयार झालेला वायू तिथे साठतो आणि खोड कापलेलं असेल तर त्या तोंडातून बाहेर पडतो. म्हणूनच या प्रयोगाला पाणवनस्पती लागते. हायड्रिला, एलोडिया किंवा कॅबोंबा यांपैकी जी मिळेल ती चालेल. ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो ते तंतुमय हिरवं प्रकरण इथे उपयोगाचं नाही, कारण त्याला कापायला खोडच नसतं.

सामान

एक उंच चंचुपात्र किंवा काचेची बरणी, एक परीक्षानळी, मोजपट्टी, तापमापी, स्टॉपवॉच (मोबाइलमधलं चालेल), खाण्याचा सोडा, धारदार ब्लेड, फांदी बुडवून ठेवायला पेपरक्लिप आणि एक दिवा. शक्य असेल तर सपाट बाजूंची काचेची आणखी एक बरणी.

दिवा १०–१२ वॉटचा एलईडी घ्या. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब प्रकाशापेक्षा उष्णताच जास्त देतो. तो जवळ आणला की पाणी तापतं, आणि मग वाढलेले बुडबुडे प्रकाशाचे की उष्णतेचे हे कुणालाच सांगता येत नाही. तोच बल्ब वापरावा लागला तर दिवा आणि वनस्पती यांच्यामध्ये पाण्याने भरलेली सपाट बरणी उभी करा. पाणी उष्णतेची किरणं बरीचशी शोषून घेतं, दिसणारा प्रकाश मात्र जवळजवळ तसाच पुढे जाऊ देतं.

ट्यूबलाइट किंवा एलईडीचं रुंद पॅनल टाळा. त्याचं कारण अंतराच्या हिशेबात येईलच.

आणि एक सूचना, जी प्रत्येक जण देतो आणि फार थोडे पाळतात: पाणी आणि वीज शेजारी शेजारी आहेत. दिव्याची वायर, बटण आणि सॉकेट पाण्यापासून दूर ठेवा, आणि ओल्या हाताने दिवा सरकवू नका.

फांदी निवडणं आणि कापणं

सगळं यश इथे ठरतं. गर्द हिरवी, शेंडा शाबूत असलेली, ८–१० सेंमी लांबीची फांदी निवडा. पिवळट पडलेली किंवा अंगावर चिकट थर चढलेली फांदी नको. प्रयोगाच्या आधी तास-दोन तास ती चांगल्या उजेडात पाण्यातच ठेवा. रात्रभर अंधारात राहिलेली वनस्पती लगेच कामाला लागत नाही.

खोड पाण्याखाली धरून ब्लेडने तिरपं कापा. कात्रीने कापलं तर खोड चेपतं आणि पोकळ्यांची तोंडं मिटतात. पाण्याबाहेर कापलं तर त्या पोकळ्यांत बाहेरची हवा शिरते आणि पहिले काही बुडबुडे तिचेच निघतात.

आता शेंड्याच्या बाजूला पेपरक्लिप अडकवा आणि फांदी उलटी, म्हणजे कापलेलं टोक वर करून, परीक्षानळीत सोडा. टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंमी असू द्या. मग ही परीक्षानळी पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात उभी करा. बाहेरचं पाणी तापमान फार हलू देत नाही.

गोल चंचुपात्रातलं पाणी भिंगासारखं काम करतं, तेव्हा फांदी मध्यभागीच ठेवा आणि प्रयोगभर तिची जागा बदलू नका. सपाट बाजूंची बरणी असेल तर ही कटकटच नाही.

पाणी कसलं घ्यायचं

नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. उकळून गार केलेलं पाणी नको, कारण उकळताना त्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि वनस्पतीला कच्चा मालच मिळत नाही. (उलट, ‘कार्बन डायऑक्साइडशिवाय काय होतं?’ हे दाखवायचं असेल तर उकळलेलं पाणी नेमकं तेच दाखवतं.)

पहिल्या फेरीत सोडा घालू नका. तो दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. बरेच जण सुरुवातीलाच सोडा घालतात. बुडबुडे छान येतात खरे, पण प्रयोगातली सगळ्यात बोलकी तुलना हातची जाते. साध्या पाण्यात बुडबुडे अगदीच येत नसतील तर पहिल्या फेरीला एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम सोडा घाला आणि तसं वहीत लिहा.

अंतरं ठरवणं: इथे घाई नको

दिवा लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यावर प्रकाशाची तीव्रता निम्मी होत नाही, चतकोर होते. अंतर तिप्पट केलं तर नववा हिस्सा उरतो. तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा तो नियम. १० सेंमीवरची तीव्रता १०० धरली, तर १५ सेंमीवर ती ४४, २० सेंमीवर २५, ३० सेंमीवर ११ आणि ४० सेंमीवर जेमतेम ६ राहते.

आता पाहा काय होतं. बहुतेक जण १०, २०, ३०, ४०, ५० सेंमी अशी नेटकी अंतरं घेतात. मोजपट्टीवर ती समान दिसतात, पण प्रकाशाच्या हिशेबात पहिला बिंदू १०० वर आणि बाकीचे चारही २५ वर किंवा त्याखाली एकमेकांना खेटून. जिथे रेघ वाकण्याची शक्यता असते त्या २५ ते १०० या पट्ट्यात एकही मोजणी नाही! मग वाकण दिसणार कसं?

म्हणून उलटा विचार करा. तीव्रता किती हवी ते आधी ठरवा आणि त्यावरून अंतर काढा. १००, ७५, ५०, २५ आणि १२.५ अशा तीव्रता हव्या असतील तर अंतरं साधारण १०, ११.५, १४, २० आणि २८ सेंमी येतात. मोजपट्टीवर ती विचित्र दिसतात, आलेखावर मात्र बिंदू नीट पसरतात.

अंतर दिव्याच्या प्रकाश देणाऱ्या भागापासून फांदीपर्यंत मोजा. बरणीच्या काचेपर्यंत मोजलंत तर प्रत्येक अंतर दोन-चार सेंमीने चुकेल, आणि जवळच्या अंतरांवर ही चूक फार महागात पडते.

वर्गाचा हा नियम बिंदूसारख्या लहान दिव्याला लागू पडतो. रुंद पॅनल किंवा लांब नळी जवळून पाहिली तर प्रकाश इतक्या वेगाने घटत नाही, सगळा हिशेब कोलमडतो. ट्यूबलाइट नको म्हटलं ते यासाठी. तुमच्या दिव्याला नियम कितपत लागू पडतो ते मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपवर पाहता येतं. १० सेंमीवर जो आकडा येईल त्याच्या पाव हिस्सा २० सेंमीवर यायला हवा. थोडाफार फरक चालेल. फारच तफावत असेल तर अंतरावरून हिशेब करण्याऐवजी अ‍ॅपचेच आकडे वापरा.

लक्सबद्दल एक खुलासा. लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने बेतलेलं एकक आहे, आणि आपल्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात उजळ दिसतो. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते, त्यातही निळा आणि लाल भाग हरितद्रव्य जास्त शोषतं. एकच दिवा मागेपुढे करताना लक्सने तुलना चालते. दोन वेगळ्या रंगछटांच्या दिव्यांची तुलना मात्र लक्सवरून करू नका.

मोजणी

१. खोली शक्य तितकी अंधारी करा. खिडकीतून ऊन आत येत असेल तर २८ सेंमीवरच्या मोजणीत दिव्याचा वाटा किती आणि खिडकीचा किती, हे कळणार नाही.

२. दिवा १४ सेंमीवर ठेवून सुरू करा आणि दहा मिनिटं नुसतं पाहा. सुरुवातीचा ऑक्सिजन पाण्यात विरघळत असतो, त्यामुळे बुडबुडे उशिराने सुरू होतात. नीट पाहिलंत तर कापलेल्या टोकावर एक बारीक टिंब दिसेल. ते फुगतं, क्षणभर अडून राहतं, सुटतं, आणि त्याच जागी पुढचं टिंब उगवतं. बुडबुडे सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतराने येऊ लागले की फांदी लयीत आली असं समजा.

३. आता दिवा बंद करा. बुडबुडे लगेच थांबणार नाहीत, पण मंदावत जाऊन थोड्याच वेळात थांबले पाहिजेत. थांबले नाहीत तर ते प्रकाशसंश्लेषणाचे नाहीत. पाणी तापल्यामुळे विरघळलेली हवा बाहेर पडत असेल. २० °से तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिग्रॅ ऑक्सिजन राहू शकतो, ३० °से ला तेवढ्याच पाण्यात साडेसात मिग्रॅ. गार पाणी खोलीत आणून ठेवलं की अशी हवा सुटतच असते. काचेला आणि पानांना चिकटलेले बारीक फुगे त्यातलेच, ते मोजू नका.

ही तपासणी गाळू नका. यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ मध्ये पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडे पाहिले, तेव्हा त्याच्यापुढे हाच प्रश्न होता: हे सूर्याच्या उष्णतेमुळे की उजेडामुळे? उजेडामुळे, आणि तेही फक्त हिरव्या भागांतून, हे त्याने दाखवलं. तुम्ही दिवा बंद करून जे पाहताय ते त्याच प्रश्नाचं छोटं उत्तर आहे.

४. दिवा ठरलेल्या अंतरावर ठेवा, पाच मिनिटं थांबा, मग एक मिनिटभर बुडबुडे मोजा. अशा तीन मोजण्या घ्या आणि सरासरी काढा. अंतर बदललं की पुन्हा पाच मिनिटं थांबायचं. या पाच मिनिटांचाच कंटाळा येतो आणि तिथेच आकडे बिघडतात.

५. प्रत्येक मोजणीबरोबर पाण्याचं तापमान लिहा. प्रयोगाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते एखाद्या अंशापेक्षा जास्त हलू नये. हललंच तर बाहेरच्या चंचुपात्रात गार पाणी घालून जागेवर आणा.

६. अंतरं ओळीने घेऊ नका. जवळून लांब असं सरळ जात राहिलात तर दिवा लांब जाताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही कमी होत जातो, म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या. १४, २८, १०, २०, ११.५ असा उलटसुलट क्रम घ्या आणि शेवटी पुन्हा १४ वर या. पहिला आणि शेवटचा आकडा जवळपास सारखा आला तर मधल्या आकड्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

बुडबुडे फार वेगाने आले तर तोंडाने मोजता येत नाहीत. कागदावर पेनाने प्रत्येक बुडबुड्याला एक ठिपका मारत जा, नजर फांदीवरून हलवू नका आणि ठिपके नंतर मोजा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलंत तर आणखी सोपं.

बुडबुडे येतच नसतील तर

आधी खोडाचं टोक अर्धा सेंमी पुन्हा कापा, तेवढ्यानेच बऱ्याचदा काम होतं. तरी हालचाल नसेल तर फांदी बदला. तेही नाही जमलं तर पाण्यात चिमूटभर सोडा घाला आणि दहा मिनिटं वाट पाहा. टोकातून एकच मोठा बुडबुडा निघून मग शुकशुकाट झाला असेल, तर खोड वरच्या बाजूला चेपलं गेलेलं असतं. बुडबुडे टोकाऐवजी खोडाच्या मधूनच कुठून तरी निघताना दिसले तर तिथे जखम आहे, ती फांदी सोडून द्या.

आलेख

क्ष-अक्षावर तीव्रता घ्या, अंतर नको. अंतर घेतलंत तर डावीकडून उजवीकडे घसरणारी एक वक्ररेषा मिळते, आणि तिच्यात वर्गाचा नियम आणि वनस्पतीचं वागणं यांची अशी सरमिसळ होते की काहीच वेगळं काढता येत नाही. य-अक्षावर मिनिटाला बुडबुडे.

समजा आकडे असे आले: तीव्रता १२.५ ला ६ बुडबुडे, २५ ला १२, ५० ला २३, ७५ ला २७ आणि १०० ला २८. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमचे फांदीनुसार पूर्ण वेगळे येतील.) १२.५ वरून २५ वर गेलो तेव्हा प्रकाश दुप्पट, बुडबुडेही दुप्पट. २५ वरून ५० वर पुन्हा जवळपास दुप्पट. इथपर्यंत रेघ सरळ चढते. ५० वरून १०० वर गेल्यावर प्रकाश दुप्पट झाला, पण बुडबुडे फक्त पाचाने वाढले. रेघ ५० आणि ७५ च्या दरम्यान वाकली आणि पुढे आडवी झाली.

वाकणाचा अर्थ

एक जण विटा हातात देतोय आणि दुसरा भिंत रचतोय असं समजा. देणारा सावकाश असेल तोवर भिंतीचा वेग त्याच्यावर अवलंबून. त्याने हात उचलला की भिंतही भराभर चढते. पण रचणाऱ्याचा वेग एकदा पुरता लागला की मग देणाऱ्याने कितीही घाई केली तरी भिंत तेवढीच चढणार.

मंद प्रकाशात वनस्पतीजवळ विकरं आहेत, कार्बन डायऑक्साइड आहे, फक्त ऊर्जा कमी पडते. तिथे दर प्रकाशावर चालतो. तीव्र प्रकाशात ऊर्जा भरपूर, पण साखर बनवण्याचा दुसरा टप्पा तेवढ्या वेगाने चालत नाही. एक तर कार्बन डायऑक्साइड अपुरा पडतो, नाही तर तापमान कमी असल्याने विकरं संथ असतात. फ्रेडरिक ब्लॅकमन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये हे सूत्ररूपाने मांडलं: अनेक घटकांवर चालणाऱ्या प्रक्रियेचा वेग त्यातला सगळ्यात तुटपुंजा घटक ठरवतो. प्रत्यक्षातली रेघ त्याच्या मांडणीइतकी कोपऱ्यात मोडत नाही, हळूहळू वळते, कारण वळणाच्या जागी दोन्ही घटक थोडे थोडे अपुरे असतात.

दुसरा टप्पा खरोखरच वेळ खातो, हे १९३२ मध्ये रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम आर्नल्ड यांनी क्लोरेला या सूक्ष्म शैवालावर दाखवलं. त्यांनी सलग प्रकाशाऐवजी क्षणिक लखलखाट दिले. दोन लखलखाटांमधला अंधार थोडा लांबवला की प्रत्येक लखलखाटामागे मिळणारा ऑक्सिजन वाढत होता, आणि पाणी गार असेल तर हा अंधार आणखी लांबवावा लागत होता. म्हणजे प्रकाश पकडण्याचं काम क्षणात होतं, पुढची उरकाउरक करायला सवड लागते.

आता पाण्याखालच्या वनस्पतीचा विचार करा. वायू पाण्यातून पसरतात ते हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश. पानाभोवतीचं स्थिर पाण्याचं पातळ आवरण ओलांडूनच कार्बन डायऑक्साइडला आत यावं लागतं. त्यामुळे साध्या, न ढवळलेल्या पाण्यात रेघ वाकते ती बहुधा कार्बन डायऑक्साइडच्या टंचाईमुळे. हे नुसतं मानून चालायचं कारण नाही, तपासता येतं.

दुसरी फेरी: सोडा घालून

अर्ध्या लिटर पाण्यात १ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. वजनकाटा नसेल तर एक सपाट चहाचा चमचा साधारण ४–५ ग्रॅमचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर चालणार नाही. फांदी मात्र आधीचीच हवी, कारण दोन फांद्यांच्या पानांची संख्या, वय, खोडाची जाडी सगळंच वेगळं असतं. नव्या पाण्याचं तापमान पहिल्या फेरीइतकं ठेवा, फांदीला दहा मिनिटं स्थिरावू द्या आणि त्याच अंतरांवर पुन्हा मोजा.

दोन्ही फेऱ्या एकाच आलेखावर काढा. प्रयोग नीट झाला असेल तर डावीकडे, मंद प्रकाशात, दोन्ही रेघा जवळपास एकमेकींवर बसतील, आणि उजवीकडे सोड्याची रेघ आणखी वर चढून उशिरा वाकेल. मंद प्रकाशात सोडा घातला काय आणि न घातला काय, फरक पडत नाही, कारण तिथे अडचण कार्बनची नव्हतीच. या एका चित्रासाठी एवढा खटाटोप.

सोडा वाढवत नेला म्हणून रेघ वर वर चढत राहणार नाही. क्षार वाढला की वनस्पतीलाच त्रास होतो. हायड्रिला आणि एलोडिया बायकार्बोनेट थेटही वापरू शकतात, हे त्यांचं वैशिष्ट्य. सगळ्याच पाणवनस्पतींना ते जमत नाही, त्यामुळे वेगळी वनस्पती घेतलीत तर दुसरी रेघ वेगळी दिसू शकते.

हौस असेल तर तिसरी फेरी तापमानाची: सोड्याच्याच पाण्यात, चार-पाच अंश गार करून. तिथेही मंद प्रकाशात फरक थोडका आणि तीव्र प्रकाशात ठळक दिसायला हवा.

बुडबुड्यांच्या मर्यादा

बुडबुडा म्हणजे निव्वळ ऑक्सिजन नव्हे. त्यात पाण्यातून आलेला नायट्रोजनही असतो. साठवलेल्या वायूत धुमसती काडी धरल्यावर ती कधी भपकन पेटते, कधी नुसती उजळते, ते यामुळेच.

सगळे बुडबुडे एका मापाचे नसतात. आकार बदलत असेल तर संख्या फसवते. बारीक काचनळीत वायू साठवून त्या स्तंभाची लांबी मोजली तर आकारमान मिळतं. नळीचा आतला व्यास १ मिमी असेल तर ५० मिमी लांबीचा स्तंभ म्हणजे सुमारे ३९ घन मिमी वायू. फांद्यांवर नरसाळं पालथं घालून वर परीक्षानळी ठेवण्याची जी मांडणी पाठ्यपुस्तकांत असते, ती वायू जमवून दाखवायला ठीक आहे. दर मोजायला ती फार संथ पडते.

सर्वांत महत्त्वाचं, वनस्पती श्वसनही करत असते, दिवसा आणि रात्री. तयार झालेल्या ऑक्सिजनपैकी काही ती स्वतःच वापरते, काही पाण्यात विरघळतो, उरलेला बुडबुड्यांत दिसतो. म्हणून ४० सेंमीवर एकही बुडबुडा आला नाही तर ‘प्रकाशसंश्लेषण शून्य’ असं लिहू नका. ते चालूच असतं, श्वसनापुरतं किंवा त्याहून कमी. ज्या तीव्रतेला दोन्हींची बरोबरी होते तिला प्रतिपूर्ती बिंदू म्हणतात. तुमची रेघ क्ष-अक्षाला शून्याच्या थोडं उजवीकडे छेदत असेल तर त्यामागे हेही एक कारण असतं.

बुडबुड्यांऐवजी बाटल्या

विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचं मीटर किंवा विंकलर पद्धतीचं (रसायनं वापरून तो मोजण्याच्या रीतीचं) साहित्य हाताशी असेल तर एक जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. गार्डर आणि ग्रान या शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये ती समुद्राच्या पाण्यासाठी वापरली. एकाच पाण्याने भरलेल्या दोन बाटल्यांत सारख्या वजनाच्या फांद्या घाला. एक बाटली उघड्या काचेची, दुसरी काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळलेली. दोन्ही एकाच दिव्याखाली तासभर ठेवा.

समजा सुरुवातीला लिटरला ८ मिग्रॅ ऑक्सिजन होता. उजेडातल्या बाटलीत तो ९.५ झाला, अंधारातल्या बाटलीत ७.४ उरला. तर श्वसनात ०.६ गेला, निव्वळ वाढ १.५ झाली, आणि वनस्पतीने एकूण तयार केला तो २.१. बुडबुड्यांतून ही शेवटची संख्या कधीच मिळत नाही. बाटलीत हवेचा फुगा राहू देऊ नका, नाही तर ऑक्सिजन तिकडे पळतो.

रंगीत कागद लावायचा मोह

दिव्यासमोर लाल, निळा, हिरवा जिलेटीन कागद लावून पाहावंसं सगळ्यांनाच वाटतं. जरूर पाहा, पण वेगळा प्रयोग म्हणून. प्रत्येक कागद रंग तर बदलतोच, शिवाय प्रकाश किती अडवायचा तेही आपल्या मनाने ठरवतो. हिरव्या कागदामागे बुडबुडे कमी आले तर ते रंगामुळे की प्रकाश घटल्यामुळे, हे सांगायला वेगळी मापनं लागतात.

आवरताना

प्रयोग झाल्यावर उरलेल्या फांद्या नदीत, तळ्यात किंवा गटारात टाकू नका. हायड्रिलाचा एका पेराएवढा तुकडाही पुन्हा रुजतो, आणि जिथे ती मूळची नाही तिथे तिने जलाशयच्या जलाशय व्यापले आहेत. फांद्या उन्हात कडक वाळवून मगच कचऱ्यात टाका. परीक्षानळी ज्या पाण्यात विसळाल तेही झाडाच्या आळ्यात ओता, वाहत्या पाण्यात सोडू नका.